कंसातलं हसू

"सही तेवढी करा ना, मावशी," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

मावशींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, पण पेन काही उचललं नाही. कापड बेतायच्या टेबलावर, कात्री आणि खडूच्या मधे, सव्वीस पानं पडली होती. मूल गमावलेल्या आयांवर ती मानसशास्त्राचा प्रबंध लिहीत होती. त्यातलं हे चौथं प्रकरण एकट्या मावशींच्या मुलाखतीवर उभं होतं. विद्यापीठाचा नियमच होता. जिची मुलाखत, तिने आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं आणि 'मला हेच म्हणायचं होतं' या ओळीखाली सही करायची. सही नाही तर प्रकरण बाद, आणि प्रकरण बाद तर पाच वर्षं पाण्यात. पाच वाजता कार्यालयाची खिडकी बंद होणार होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती.

चौदा महिन्यांपूर्वी याच शिवणाच्या दुकानात, याच स्टुलावर बसून तिने रेकॉर्डर चालू केला होता. मग घरी जाऊन शब्द न् शब्द उतरवला. मावशी सात वेळा हसल्या होत्या. सातही वेळा तिने इमानेइतबारे कंसात लिहिलं: हसते. त्या सात हसण्यांवर तिने वर्षभर डोकं फोडलं, तेव्हा कुठे अर्थ हाताला लागला. या बाईने दुःखाशी समेट केलाय. प्रबंधाचे मार्गदर्शक सर तर बेहद्द खूश झाले. "दुसऱ्याच्या मनातला अर्थ असा सापडायला नशीब लागतं," म्हणाले.

"हे जरा वाचून दाखव," मावशींनी नवव्या पानावर बोट ठेवलं.

तिने वाचलं, "'त्या दिवशी कामावर जायला मीच त्याला हाकललं. (हसते) जन्मात पहिल्यांदा ऐकलं माझं, आणि ते हे असं.' येथील विनोदातून मुलाच्या मृत्यूशी झालेला समेट दिसतो."

"समेट," मावशी म्हणाल्या. कापडाचा पोत बोटांनी चोळून पाहावा तसा त्यांनी तो शब्द उच्चारला.

"चुकलंय का काही?"

"माप घेताना लोक पोट आत ओढतात बघ. पुरुष तर श्वाससुद्धा सोडत नाहीत, मरतील मेले एखाद दिवशी. ते माप मी धरत नाही. फीत लागली की माणूस बदलतो." मावशींनी टाचण्यांची डबी पुढे ओढली आणि 'हसते'च्या शेजारी एक टाचणी टोचली. "इथे तुझं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, रडते आता ही. परक्याच्या लेकराला कशाला रडवा. म्हणून हसले."

त्यांनी पान उलटलं. दुसरी टाचणी. "इथे तू ते यंत्र चालू आहे का बघितलंस." तिसरी. "इथे घड्याळ." चौथी. "इथे पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतलास. बस गाठायची असेल, बोलली नाहीस तू."

टाचण्या सात झाल्या.

"माझं सगळं उतरवलंस गं," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "कागदावर तू मात्र कुठेच नाहीस."

तिचे कान तापले. ती मुलाखत तिने चाळीस वेळा ऐकली होती. त्यात तिचा चेहरा कुठून ऐकू येणार?

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मावशी?"

"वाटलं, परत येशील. देवापुढे तर रोज बोलते मी. तो ऐकतो, नाही असं नाही. पण 'मग काय झालं?' म्हणून विचारत नाही. तू विचारत होतीस."

तिने स्टूल पुढे सरकवलं. कागद बाजूला केले. "विचारते ना. मग काय झालं?" आणि ती हे अगदी मनापासून म्हणाली.

मावशींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ त्या शिलाई मशीनच्या चाकावरून हात फिरवत राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाज वेगळाच होता, त्या चाळीस वेळांत एकदाही न ऐकलेला.

"त्या सकाळी तो एकदा परत आला होता. गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मी इथेच होते, मशीनवर. दारात उभा राहिला, आत आला नाही. मला म्हणाला..."

आरशावरच्या घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिने पाहिलं न पाहिलं, एवढंच.

मावशी हसल्या.

"आण ते पेन," त्या म्हणाल्या. "सही कुठे करायची?"