माळवदावरचा दात

दात हलत होता, डॉक्टर हलत नव्हती.

प्रियदर्शनीच्या हातात पक्कड होती. खुर्चीत सहा वर्षांची मृण्मयी आ वासून बसली होती. दोघींच्या मधे एवढासा दुधाचा दात, जिभेनं ढकलला तरी पडेल असा. शेजारी मालविका मॅडम वही उघडून उभ्या होत्या. इंटर्नशिपचा आज शेवटचा दिवस. लातूरच्या डेंटल कॉलेजात वर्षभर एकेका विभागात राबून सगळ्या सह्या मिळवून झाल्या होत्या. लहान मुलांच्या विभागातली तेवढी राहिली होती. ती सही नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर इतकी वर्षं शिकूनही ही मुलगी डॉक्टर नाही.

मॅडमना सगळं कळलं होतं. पोरगी अक्कलदाढा काढायची, कवळ्या बसवायची, दुसऱ्यांच्या वाटणीची कामंही हौसेनं करायची. दुधाचा दात समोर आला की मात्र मैत्रिणीला पुढं करून आपण पसार. "माझ्या डोळ्यांदेखत एक काढ," मॅडम म्हणाल्या होत्या, "मग सही."

मृण्मयीनं तोंड मिटलं आणि विचारलं, "दात मला द्याल ना? आमच्या छपरावर टाकायचाय."

प्रियदर्शनीनं पक्कड ट्रेमध्ये ठेवली. "पाच मिनिटं, मॅडम," म्हणत ती बाहेर निघून गेली.

बाहेर तिच्याच ट्रंकेवर लिंबाजीमामा बसला होता. लोह्याहून तिला न्यायला आला होता. भूकंपानंतर यानंच तिला उचलून लोह्याला नेलं, वाढवलं आणि दहावी होताच लातूरच्या क्लासला आणून सोडलं. त्या वर्षांत सगळं लातूरच बाकावर बसून सूत्रं पाठ करत होतं. त्या गर्दीत ही कुठं हरवते की काय, असं मामाला वाटायचं. हरवली नाही.

"काय झालं माय? झाली का सही?"

तिनं नकारार्थी मान हलवली. आणि सतरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते तिथंच, पेशंटांच्या रांगेसमोर, सांगून टाकलं.

किल्लारीच्या बाजूचं त्यांचं गाव. दगडामातीचं घर, वर मातीचं जड माळवद. तिचा पहिला दात पडला तेव्हा आईनं तो शेणाच्या गोळीत घालून तिच्या हातात दिला. घराकडं पाठ करून डोक्यावरून मागं फेकायचा आणि वळून बघायचं नाही, अशी त्यांच्या घरातली रीत. तिनं सगळा जीव एकवटून फेकला. रात्री उंदीर येऊन दात नेणार होता. तो तिला बघायचा होता. म्हणून हट्ट करून तिनं अंगणात बाज टाकून घेतली आणि माळवदाकडं बघत बघत झोपली. पहाटे धरणी हलली. माळवद खाली आलं. आत आई होती.

तेव्हापासून तिला एकच स्वप्न पडायचं. दात कापसासारखा सावकाश वर जातो, चांदण्यात तरंगतो, अलगद माळवदावर टेकतो, आणि तेवढ्या वजनानं घर काही न बोलता खाली बसतं. दुधाच्या दाताचं वजन किती, हे आता तिला पाठ होतं. स्वप्नाला ते कोण सांगणार?

"लई जोरात फेकलता मी, मामा."

मामानं तिला ट्रंकेवर शेजारी बसवून घेतलं.

"तुझा दात वर गेलाच न्हाई," तो म्हणाला. "ट्रकात बसून आलो मी त्या दिशी. माझ्या हातानं दगडं उचलली. तुझ्या आईच्या पदराला गाठ होती. सोडून बघतो तर शेणाची गोळी, अन् आत दात. तुझ्या म्होरच्या दाताला खाच होती, म्हून समजलं. गाठ तशीच बांधली परत. तिच्यासंगंच गेली."

"खाली पडला होता?"

"सहा वर्साच्या पोरीचा हात केवढा अन् माळवद केवढं! तुझ्या आईनं गुपचूप उचलला आसंल. सकाळी सोताच वर टाकायचा आसंल तिला." मामानं उपरण्यानं डोळे पुसले. "वर काय बी न्हाई, हे तिला ठावं होतं. तरी तुझी बाज भाईर टाकू दिली. न्हाईतर तू बी आतच होतीस माय."

प्रियदर्शनी मोठ्यानं रडली. त्या दवाखान्यात रडणारे पेशंट सगळ्यांनी पाहिले होते, डॉक्टर पहिल्यांदाच. रांगेतली माणसं आपापले सुजलेले गाल धरून तिच्याकडं बघत राहिली.

मग ती तोंड धुऊन आत गेली.

"झालंसुद्धा?" मृण्मयीनं विचारलं. दात डॉक्टरच्या तळहातावर होता. मालविका मॅडमनी तिच्या लाल डोळ्यांकडं एकदा पाहिलं आणि सही केली.

प्रियदर्शनीनं दात कापसात गुंडाळून मुलीच्या मुठीत दिला आणि तिच्या आईसाठी कागदावर सूचना लिहायला घेतल्या. अर्धा तास कापूस दाबून धरणे. आज गरम खाऊ नये. तिचं पेन थोडं थांबलं. मग तिनं सुवाच्य अक्षरात पुढची ओळ लिहिली.

आज रात्री पेशंटला अंगणात झोपू द्यावे. उंदराची वाट बघायची असल्यास हरकत नाही.