आंबट माती

आई गेली. ते असू दे, प्रश्न झाडाचा होता.

उबोन शहराजवळच्या आमच्या घरी कुंडीत गांजाचं एकच झाड होतं. आईच्या दुखण्यावर तेल काढायला, रीतसर परवाना घेऊन लावलेलं. परवान्यावर रुग्ण म्हणून तिचंच नाव. पण कितीही खत घाला, पानं पिवळीच. आई असतानाच एकदा बाबांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकले आणि म्हणाले, "आंबट झालीय. अशा मातीत खाल्लेलं झाडाच्या अंगी लागत नाही."

"माझ्यासारखंच की," आई खाटेवरून म्हणाली. "म्हाताऱ्या, चुलीतली राख घाल मूठभर."

"चूल कुठली आता, बुआफान? गॅस हवा म्हणून तूच मोडायला लावलीस."

"मग थांब थोडे दिवस. करते सोय."

दहनानंतर विहारातून तिची राख मिळाली. अर्धी आम्ही मुन नदीत सोडली, अर्धी विहाराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. एक मूठ बाबांच्या खिशात राहिली. महिन्याभरात पानं हिरवी झाली. बाबांनी पुन्हा माती चाखली. या वेळी थुंकले नाहीत.

मग जिल्हा कार्यालयाची नोटीस आली: रुग्ण मयत असल्याने झाड उपटून टाकावे. बाबांनी मला अर्ज लिहायला बसवलं.

"माननीय अधिकारी महोदय, परवान्यावरील 'रुग्ण' या रकान्यातून श्रीमती बुआफान यांचे नाव कमी करून ते 'वापरलेले खत' या रकान्यात घ्यावे आणि झाड आहे तिथेच राहू द्यावे, ही नम्र विनंती."