एक वाजताची रांग

सत्तरावी भाकरी तव्यावर पडली आणि कस्तुराबाईंचा उजवा खांदा पुन्हा ठणकला. खानावळीच्या दारात रांग होती. गळ्यात ओळखपत्रं, हातात फोन. आत चार टेबलं, चारही भरलेली. एक मुलगी ताटाचा व्हिडिओ काढायला चक्क खुर्चीवर चढली होती. खाली झुणका गार होत होता.

रांगेच्या पलीकडे देवाप्पा उभा होता. समोरच्या आयटी पार्कचा गार्ड. कस्तुराबाईंकडे महिनेवारी जेवणारे असे बावीस जण, सगळे गार्ड नाही तर ड्रायव्हर. जेवायला सुट्टी अर्धा तास. बाईंनी त्याला हातानं आत बोलावलं. त्यानं नुसती मान हलवली. ज्यांना रोज गेटवर सलाम ठोकायचा, त्यांना बाजूला सारून पुढं कसं यायचं? आणि बसलेल्याला ऊठ म्हणायचं नाही, ही तर खानावळीची रीतच. देवाप्पानं घड्याळ बघितलं आणि तो कोपऱ्यावरच्या बेकरीत बन खायला गेला. आठवड्यातला चौथा.

हे सगळं घडवलं होतं भाचीनं, अश्लेषानं. जूनमध्ये निपाणीहून आली, दहावीला इथल्या शाळेत बसली आणि तीन महिने पोरगी जवळजवळ मुकीच होती. शाळेत सगळं इंग्रजी, रस्त्यावर कन्नड. घरी आली की खालमानेनं भांडी विसळायची. मग तिनं भाकरी थापतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला. कुणी बघितला नाही. दुसराही वाया गेला. तिसऱ्या वेळी ती परातीसमोर मांडी घालून बसली.

"आत्या, माझंच चुकत होतं बघ! मी #फूड, #इंडिया, #व्हायरल असले हॅशटॅग लावत होते. त्यात कोटींनी व्हिडिओ. आपली भाकरी कुणाला दिसणार? आता तीनच लावायचे. आपल्या एरियाचा #महादेवपुरालंच, #ज्वारीचीभाकरी, आणि एक आपला स्वतःचा, #कस्तुराक्का. एक वाजता इथं ज्याला भूक लागलीय, त्याला सापडलो की बास. बाकीच्या जगाला काय करायचंय!"

कस्तुराबाईंना त्यातलं एवढंच कळलं, की पोरगी एका दमात इतकं बोलली.

चौथ्या दिवशी रांग लागली. शाळेत मुली तिला 'रोट्टी अक्का', म्हणजे भाकरीवाली ताई, म्हणायला लागल्या, मधल्या सुट्टीत शेजारी बसायला लागल्या. अश्लेषा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागली. रिक्षावाल्याशी कन्नडात भांडून यायची आणि ते सगळं आत्याला नक्कल करून दाखवायची.

म्हणून कस्तुराबाई गप्प राहिल्या. चारला उठून जास्तीचं पीठ चाळायच्या. पोरगी शाळेला गेल्यावरच खांद्याला बाम चोळायच्या. रांग नको गं, असं एक वाक्य जिभेवर यायचं. पण ते बोललं आणि पोरीनं पुन्हा मान खाली घातली तर? त्या वाक्य गिळायच्या आणि पुढचा उंडा हातात घ्यायच्या.

डिसेंबरात काहीतरी बिनसलं. रांगेतल्या एका पुण्याच्या मुलानं हसत हसत फोन पुढं केला.

"काकू, हे बघा ना! तुमचा हॅशटॅग सर्च केला की मॅथ्स येतंय!"

खरंच होतं. पडद्यावर अश्लेषाची वही, त्यात वर्गसमीकरण. त्याच्याखाली गच्चीवर झोपलेलं मांजर. त्याच्याखाली पुन्हा समीकरण. असे दिवसाला वीस-वीस व्हिडिओ, आणि प्रत्येकावर #कस्तुराक्का. लोकांनी काढलेल्या भाकरीच्या व्हिडिओंवर नुसता गणिताचा ढीग पडला होता. खानावळीचा पत्ताही कुठं दिसेना.

"असं का गं करतेस?" बाईंनी संध्याकाळी विचारलं.

"परीक्षा आली की आत्या. अभ्यासाचंच टाकते."

"बघतंय का कुणी?"

"अं हं!" ती खो खो हसली. ते हसू कस्तुराबाईंना उसनं वाटलं.

रांग आटत गेली. आधी वीस माणसं, मग आठ, मग दोघं-तिघं. पंधरा दिवसांत बावीसच्या बावीस जण पाळीपाळीनं का होईना, खुर्चीत बसून गरम जेवू लागले. बाईंचा खांदा हलका झाला, पण जेवण त्यांनाच गोड लागेना. पोरीच्या हातात एक कला आली होती. ती गेली. आता पोरगी पुन्हा मुकी होणार. त्या रोज तिच्या पावलांचा आवाज ऐकत बसायच्या.

एका दुपारी देवाप्पाच्या ताटात भाकरी वाढताना त्यांना राहवलं नाही.

"देवाप्पा, तुमच्या सगळ्यांच्या फोनात ते व्हिडिओ येतात न्हवं? माझ्या पोरीचं कुणी बघंना झालंय. बावीस जण आहात. रोज एकेक लाल बदाम दाबा की तिच्या व्हिडिओवर. पोरीला स्वल्प बरं वाटेल."

टेबलावरचे चौघंही एकदम ताटात बघू लागले.

"दाबता येत न्हाई, अक्का."

"का? त्याला पैसे पडतात?"

देवाप्पानं हातातला घास ताटात ठेवला.

"पैसे कुठले अक्का. पोरगी गेटवर आली होती. आम्हा सगळ्यांना शपथ घातलीय तिनं. आत्याची रांग पुरती मोडेपर्यंत कुणी बदाम दाबायचा न्हाई, आणि आत्याला सांगायचं न्हाई."