घरचं माणूस

तनुजाने बबनरावांच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडला. "इन्सुलिन कोण देतं, आजोबा?"

"आमची मंडळी. दुसरं कोन हाय?"

शालनबाई पलंगाच्या पायथ्याशी पदर सावरून बसल्या होत्या. त्या हसल्या.

माणमधल्या त्यांच्या शेतात आता काचेच्या इमारती उभ्या होत्या. घर तेवढं जुन्या जागी उरलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यातून बबनराव सावरले, पण डाव्या हातात जोर राहिला नव्हता. चाकणच्या कंपनीतला मुलगा, अजिंक्य, सुट्टीला उभ्या उभ्या येऊन जायचा. त्याने निकाल नर्सवर, म्हणजे तनुजावर, सोपवला होता. आईला जमत असेल तर बाबा घरी, नाहीतर पिंपरीच्या सेवाकेंद्रात. म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं. तो सारखा तनुजाच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिला त्याची दया येत होती.

"आजी, यांचं नाव सांगा बरं."

शालनबाईंनी मान खाली घातली.

"ती न्हाई घ्यायची," बबनराव घाईने म्हणाले. "जुनी रीत हाय. लग्नात उखाना घ्यायला लावला तर रडली व्हती."

तनुजाला हसू आलं. तिची स्वतःची आजी तरी कुठे नाव घ्यायची!

"बरं, इंजेक्शनची तयारी करून दाखवा."

शालनबाईंनी इन्सुलिनचं पेन हातात घेतलं आणि वर पाहिलं.

"झाकण काढ," बबनराव म्हणाले. "सुई बसीव. आता आकडा फिरव. बास."

हात सराईत होते, जराही थरथर नव्हती. पण दर खेपेला नजर बबनरावांकडे. नवऱ्याच्या शब्दाशिवाय तांब्याही न हलवणाऱ्या बायका तनुजाने पुष्कळ पाहिल्या होत्या. तिला म्हाताऱ्याचा रागच आला.

"त्यांचं त्यांना करू द्या ना, आजोबा."

"सवय हो ताई. तसं सगळं तीच बघती."

"चहा टाकू का, पोरी?" शालनबाईंनी विचारलं.

"आत्ताच घेतला की, आजी."

घटकाभराने पुन्हा तोच प्रश्न.

"आग्रह लई करती," बबनराव हसले.

तनुजाचं डोकं मात्र चक्रावलं. गोळ्या, पथ्य, दवाखान्याची तारीख, सगळं म्हाताऱ्याला तोंडपाठ. मग 'तीच बघती, तीच बघती' हा घोष कशासाठी? बराच वेळ तिला काही उलगडेना. शेवटी तिने आपल्यापुरतं उत्तर काढलं. बायकोला सोडून जायचं जिवावर आलंय, दुसरं काय! या वयात ही जोडी फोडायची आणि ते पाप आपण डोक्यावर घ्यायचं? छे.

"अजिंक्यदादांना कळवते मी," ती म्हणाली. "घरीच राहा. आजी आहेत ना, सांभाळतील."

बबनरावांनी डोळे मिटून घेतले. "लई उपकार झालं," एवढंच कसंबसं बोलले.

शालनबाई तिला पोचवायला अंगणापर्यंत आल्या. कुंकू लावलं, तोंडावरून मायेने हात फिरवला. तनुजाला भरून आलं. आपण बरोबर केलं, असं तिला मनापासून वाटलं.

मग शालनबाईंनी एकदा घराकडे वळून पाहिलं आणि तिचा हात धरला.

"पोरी, त्या म्हाताऱ्याला संगं घेऊन जा की," त्या कुजबुजल्या. "मानूस भला हाय बिचारा, पर आमचं मालक आता घरी येत्याल."