कोरे लोखंड

सुज्ञ वाचकहो, एका सज्जन ट्रकमालकावर भरदुपारी कोसळलेला वज्राघात सविनय कथन करीत आहे.

जालिंदरने आपल्या ट्रकच्या चेसिसचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, गंजलेला भाग घराच्या अंगणातच कापला, बाजारातून आणलेला नवा भाग स्वहस्ते वेल्डिंगने जोडला, जुना भंगारवाल्यास दिला आणि मोठ्या अभिमानाने गाडी आरटीओत पासिंगला नेली.

तपासणीचे साहेब पुढील चाकाआड वाकले. "मालक, चेसिस नंबर कुठंय?"

"तिथंच की साहेब! कंपनीनंच ठोकलाय."

"इथं तर कोरं लोखंड आहे."

जालिंदरने स्वतः वाकून पाहिले. गाडीची ओळख पटवणारा तो नंबर कापलेल्या तुकड्यासोबत भंगारात गेला होता. बारा वर्षे त्याचे घर पोसणारा ट्रक मात्र समोर धडधाकट उभा होता.

"साहेब, गाडी माझीच आहे हो!"

"कशावरून?" साहेबांनी विचारले.

आपला नम्र, दत्तू खरमाटे. वाचल्याबद्दल आभारी आहे.