आगरातली पावलं

पुतळ्यावरचं कापड सरकलं आणि गोमीबाईने नवऱ्याला ओळखलं. हातात मीठ ओढायची फळी, तोच वाकलेला कणा. मिठागर बुजवून मालकाच्या मुलाने तिथे उद्यान केलं होतं. म्हणे, आगरी लोकांचा इतिहास जपायला.

मग तिची नजर खाली गेली. पुतळ्याच्या पायांत गमबूट होते.

हयातभर नवरा मालकाकडे बूट मागत राहिला. "बुटांनी मीठ मळतं," एवढंच उत्तर मिळायचं. खाऱ्या पाण्यात पावलं इतकी निबर झाली, की चितेवर सगळं जळून गेलं, पावलं तेवढी उरली.

"बूट कशाला घातलेत, शेठ?" तिने मालकाच्या मुलाला विचारलं.

"अनवाणी बरं नाही दिसत, आजी."

पुतळ्यापुढे सिमेंटच्या मिठाची पांढरीशुभ्र रास होती. गोमीबाईने तिकडे बोट दाखवलं.

"काढा ते बूट. मीठ मळेल तुमचं."