पहिला श्वास

जंगलातल्या आरोग्य उपकेंद्रात सातव्याच महिन्यात जन्मलेली मुलगी निळी पडू लागली, तशी तिच्या आईने, रजनी मडावीने, मान फिरवली. तिचा पहिला मुलगा असाच गेला होता.

नर्स शालूताईंनी बाळाच्या नाकाशी नळी धरली. धुक्यासारखे बारीक यंत्रकण आत गेले. फुप्फुसातल्या ओलाव्याचा पृष्ठताण हवेच्या इवल्या पिशव्या उघडूच देत नव्हता. कणांनी एकेका पिशवीत शिरून तो सैल केला.

"रजनी, बघ तरी," शालूताई म्हणाल्या.

मुलीची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. ओठ गुलाबी झाले.

"हिला शहरात न्यावं लागेल?" रजनीने विचारलं.

"कशाला? हे कण आत राहून काम करत राहतील. संध्याकाळी घरी जा."

रजनीने मुलीला कुशीत घेतलं आणि दाराबाहेर थांबलेल्या नवऱ्याला हाक मारली, "आत या. हिचं नाव ठरवायचंय."